तहानेला मनाई

१

उशी मानसोपचारतज्ज्ञांनी स्वतःच्या हाताने उचलली. खाली गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपा होत्या, चांगला जाडसर गठ्ठा, आणि एकूण एक गोळी फोडून काढलेली.

"मला हीच भीती होती," ते हळू आवाजात म्हणाले.

खाटेवरची बाई काही सांगण्याच्या अवस्थेत नव्हती. हाक मारली की पापण्या हलायच्या, एवढंच. कपडे शिवायच्या कारखान्यात ती कटिंग करायची. कारखान्यात सगळे तिला ताई म्हणत, म्हणून वॉर्डातही ती ताईच झाली. बऱ्याच वर्षांपूर्वी एकदा तिचं डोकं फिरलं होतं. झोप उडाली होती, आणि आलेलं सगळं कापड लालच असलं पाहिजे म्हणून ती मालकाशी भांडली होती. तेव्हापासून ती लिथियमची गोळी घेत होती आणि निमूटपणे कामावर जात होती. या खेपेला ती आली होती पोट दुखतं म्हणून. पण केसपेपरवर पहिल्याच ओळीत जुना आजार लिहिलेला होता, आणि एकदा ती ओळ वाचली की पुढचं वाचायचे कष्ट कुणी घेत नाही.

त्या सकाळी रक्ताचा रिपोर्ट आला होता. लिथियम इतकं, की माणूस त्याने मरतो. रिपोर्ट आणि स्ट्रिपा, दोन आणि दोन चार झाले. पोट दुखतं म्हणून आलेली बाई जीव द्यायला निघाली होती, असं ठरलं. दुपारच्या आत तिला समोरच्या इमारतीत हलवलं आणि वॉर्डच्या सिस्टरना घरी बसवलं. पेशंटजवळ एवढ्या गोळ्या राहिल्याच कशा, म्हणून.

या रुग्णालयात दोन इमारती होत्या. एकीत शरीराचे आजार, दुसरीत मनाचे. कर्मचारी एकीला 'धड' म्हणत आणि दुसरीला 'डोकं'. मधे पत्र्याच्या छपराची एक लांबलचक वाट होती. त्या वाटेवरून पेशंट ढकलले जात, डॉक्टर मात्र क्वचित जात.

२

चौकशी चिमटाबाईंवर सोपवली गेली. रुग्णालयाची लॅब त्यांनी आयुष्यभर सांभाळली होती आणि निवृत्त झाल्यावर सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला होता. चिमटा हे नाव नर्सांनी दिलेलं. बाईंना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

अधीक्षकांनी खुर्ची पुढे केली. "बाई, फार काही नाही. पेशंटने गोळ्या साठवल्या, सिस्टरचं लक्ष नव्हतं. एवढं लिहून सही केलीत की झालं."

"वाक्य तयार आहे, तर मला कशाला बोलावलंत?"

"बाहेरचं कुणी असलेलं बरं दिसतं."

भांड्याला चिकटलेलं खरवडताना माणूस जसं पाहतो, तसं चिमटाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्या उठून धडाच्या मेडिसिन विभागात गेल्या.

तिथले प्रमुख वॉर्डात पाऊल टाकण्याआधी ऐकू येत, म्हणून त्यांचं नाव गडगडाट. ते खुर्चीत रेलून बसले होते आणि समोरचा चहा आपणहून तोंडापर्यंत येईल अशी त्यांची बसण्याची पद्धत होती.

"पोटाची सोनोग्राफी नॉर्मल, एक्स-रे नॉर्मल," ते म्हणाले. "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, हे सगळं मनाचं आहे. अशा बायकांना एक दिवस पोट दुखतं, दुसऱ्या दिवशी हाडं दुखतात, तिसऱ्या दिवशी तहान लागते. आपण त्यांच्या मागे धावायचं नसतं."

"तहान लागते?"

"दिवसभर पाणी. मनाचा चाळा आहे तो. मी पाणी कमी करायला सांगितलं."

"त्या सकाळी काय झालं?"

"शुद्ध हरपत चालली होती. रेसिडेंट मुलीला शीर सापडेना. शेवटी मीच रक्त काढलं. ट्रेमधली पहिली नळी उचलली, एका टोचणीत काम." त्यांनी हात पुढे धरून दाखवला. "इतक्या वर्षांत हात हललेला नाही."

"आणि मग समोरच्यांना बोलावलंत."

"अर्थात. डोक्याचा पेशंट आहे. तो माझ्या खाटेवर का?"

"तुम्ही स्वतः कधी जाता त्या इमारतीत?"

गडगडाट मनापासून हसले. "मी? तिथे दार कुठल्या बाजूला आहे तेही मला ठाऊक नाही."

चिमटाबाई उठल्या. गेल्या तासाभरात त्यांनी ऐकलेलं हे पहिलं खरं वाक्य होतं.

३

सिस्टर घरी भाजी निवडत बसल्या होत्या. रडून झालेलं होतं. आता नुसता राग उरला होता.

"मॅडम, मला कुणी काही विचारलंच नाही. तुमचं म्हणणं ऐकून घेतो असंसुद्धा कुणी म्हटलं नाही. सरळ उद्यापासून येऊ नका."

"मी विचारते. त्या सकाळचं सांगा."

"सकाळी ताईंनी अंथरूण ओलं केलं होतं. कळतच नव्हतं त्यांना. मी आणि आयांनी मिळून चादर बदलली, गादी उलटली, उशीचा अभ्राही बदलला. झटकून बदलला."

"उशीखाली?"

"काही नव्हतं. गादीखाली नव्हतं, कप्प्यात नव्हतं. गोळ्यांच्या स्ट्रिपा मला दिसल्या नसत्या का? एवढा गठ्ठा."

"तेव्हा ताई शुद्धीवर होत्या?"

"नाव विचारलं तर चुकीचं सांगत होत्या. हाताला पेला धरवत नव्हता."

चिमटाबाई तिथून पुन्हा वॉर्डात आल्या. ताईच्या शेजारच्या खाटेवर एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. मांडीचं हाड मोडून पायाला वजन टांगलेलं होतं, त्यामुळे त्यांना दुसरं काही करता येत नव्हतं, फक्त पाहता येत होतं. आणि पाहण्याची सवय त्यांना नोकरीनेच लावली होती. वॉर्ड त्यांना हेडबाई म्हणे.

"चादर बदलली ते मी पाहिलं," हेडबाई म्हणाल्या. "उशीसुद्धा उन्हात धरल्यासारखी उलटीपालटी केली सिस्टरने. त्यानंतर पडदा ओढला. पडद्याआड तिघे गेले. आधी तो ओरडणारा डॉक्टर, रक्त काढायला. मग तिचा धाकटा भाऊ, थोडा वेळ बसून आला. मग तो गोड बोलणारा. तो आत गेला आणि जरा वेळाने त्याने सगळ्यांना हाक मारून पडदा सारला आणि उशी उचलली. वर्गात मुलगा स्वतःच ठेवलेला बेडूक शोधून दाखवतो ना, तसं वाटलं मला. पण माझा पाय बांधलेला, माझं कोण ऐकतं."

"ताई बोलायच्या तुमच्याशी?"

"आधी बोलायची. शहाणी बाई. सारखी पाणी मागायची. तिचा पाण्याचा जग काढून घेतल्यावर ती माझं पाणी प्यायची, मी द्यायचे. नंतर माझ्यावरही लक्ष ठेवायला लागले. एकदा फुलदाणीतलं पाणी प्यायली हो ती. सगळे म्हणाले, बघा, वेड."

चिमटाबाई दारापाशी क्षणभर थांबल्या. बाई शुद्ध हरपून पडली, आणि त्यानंतर तिच्या उशीखाली स्ट्रिपा आल्या. जीव द्यायला निघालेल्या माणसाने आधी बेशुद्ध व्हायचं आणि मग गोळ्या घ्यायच्या, असा हा प्रकार होता.

म्हणजे तिघांपैकी एकाने त्या तिथे ठेवल्या होत्या.

४

धाकटा भाऊ धडाच्या पायऱ्यांवर बसलेला सापडला. तो शाळेत गणित शिकवायचा. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, शर्ट कालचाच. ताईने लग्न केलं नव्हतं; याला शिकवलं होतं.

"गोळी मीच द्यायचो मॅडम, रोज. स्ट्रिप माझ्याच खिशात असते. इथले लोक मला म्हणाले, तूच आणून दिल्या असशील. मी तिला मारीन का?"

"बघू ती स्ट्रिप."

त्याने काढून दिली. निळी, कोपऱ्याला दुमडलेली, दुकानातून घेतलेली. उशीखाली सापडलेल्यांपैकी एक रिकामी स्ट्रिप चिमटाबाईंनी अधीक्षकांकडून मागून घेतली होती; ती पर्समधून काढून त्यांनी शेजारी धरली. ती चंदेरी होती, दुसऱ्या कंपनीची, आणि पाठीवर छापलं होतं: रुग्णालयासाठी, विक्रीस मनाई.

"ही कुठे मिळते?"

"मी पाहिलेली पण नाही असली."

रुग्णालयाच्या औषधभांडाराचा माणूस जाळीच्या खिडकीतून म्हणाला, "ही? ही आम्ही फक्त डोक्यात देतो. धडात या गोळीचं कपाटच नाही. तिकडच्या कपाटाची किल्ली डॉक्टरांकडे."

चिमटाबाई परत पायऱ्यांवर आल्या आणि भावाशेजारी बसल्या. गुडघे दुखत होते, पण उभं राहून विचारलेल्या प्रश्नांना माणसं उभ्या उभ्याच उत्तरं देतात.

"ताईची तब्येत कधीपासून बिघडली?"

"नीट सांगता येत नाही. वर्ष झालं असेल. आधी मुतखडा झाला, तो पडला. मग मनगट मोडलं. नुसती कापडाची गुंडाळी उचलताना. डॉक्टर म्हणाले, वय झालं. मग बद्धकोष्ठ, पोटात कळा, हाडं ठणकायची. थकून जायची. कामात चुका व्हायला लागल्या. ताईच्या कटिंगमध्ये चूक म्हणजे तुम्हाला कल्पना नाही मॅडम, तिथे लोक तिच्या रेघेवर पट्टी ठेवून बघायचे. ती म्हणायची, मन उदास आहे रे. मी तिला समोरच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, जुना आजार डोकं वर काढतोय. तीच गोळी चालू ठेवा."

"रक्त तपासलं त्यांनी?"

"नाही. गेल्या कित्येक वर्षांत नाही. गप्पा छान मारतात."

मुतखडा. ठिसूळ हाडं. पोट. तहान. मलूल मन. ही सगळी एकाच घरातली भावंडं होती, आणि दोन इमारतींनी ती अर्धी अर्धी वाटून घेतली होती.

"आता तिला पाणी देतात ना तिकडे?"

भाऊ खाली बघत म्हणाला, "मोजून. सकाळी एक पेला, संध्याकाळी एक. ती चाळा करते म्हणून."

चिमटाबाई उठल्या त्या जवळजवळ धावतच निघाल्या.

५

मानसोपचारतज्ज्ञांना सगळे मलम म्हणत. बोलणं तसंच होतं. लावलं की थंड वाटायचं आणि खालची जखम तशीच राहायची. त्यांच्या खोलीत उशा ठेवलेल्या खुर्च्या होत्या आणि भिंतीवर समुद्राचं चित्र.

"या ना बाई, बसा. तुम्हाला ताण आलेला दिसतोय."

"मला पेशंट दाखवा."

"ती सध्या कुणाशी संवाद साधत नाहीये. आतून बंद झाली आहे. आपण तिला वेळ देऊ या."

"दाखवा."

ताई कोपऱ्यातल्या खाटेवर होती. दोन्ही मनगटं गॉजच्या पट्टीने कठड्याला बांधलेली, त्यात ते मोडलेलं मनगटही. ओठांवर पांढरी साय धरली होती. जीभ चपलेच्या तळव्यासारखी. चिमटाबाईंनी तिच्या हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली.

"सलाइन?"

"तिने सुई ओढून काढली. मरण्याची इच्छा तीव्र आहे."

"हात कशासाठी बांधले?"

"तिच्या सुरक्षिततेसाठी."

चिमटाबाईंनी शेजारच्या टेबलावरची कात्री घेतली आणि पट्ट्या कापल्या. मग पेला भरून ताईच्या ओठांना लावला. अर्ध्या शुद्धीतली ती बाई दोन्ही हातांनी पेल्यावर तुटून पडली. मरायला निघालेली बाई असं पाणी पीत नाही. घोट गळ्याखाली नीट जातोय ना ते पाहत चिमटाबाईंनी दुसरा पेला भरला.

"बाई, हे माझ्या उपचारात ढवळाढवळ करणं आहे," मलम डॉक्टर म्हणाले. आवाज अजून मऊच होता, फक्त धार दिसायला लागली होती.

"उपचार कुठला? बांधणं की तहान?"

"रक्तातला आकडा तुम्ही पाहिलात. तिने गोळ्या खाल्ल्यात, यात शंका नाही."

"आकडा पाहिला," चिमटाबाई म्हणाल्या. "त्याचाच मला राग येतोय. इतका मोठा आकडा खरा असता तर परवाच या बाईला झटके आले असते. ही सुकून मरते आहे, पण त्या विषाने नाही."

त्यांनी भावाला खाटेशी बसवलं, जग त्याच्या हातात दिला आणि सांगितलं की थोडं थोडं पाजत राहा, कुणी अडवलं तर आधी मला बोलवायला सांग. मग त्या खाली तळमजल्यावर गेल्या, जिथे आयुष्यभर त्यांची खुर्ची होती.

६

त्या खुर्चीत आता एक गृहस्थ बसत. नव्या मशीनचा त्यांना फार अभिमान होता. मुलाच्या लग्नातही माणूस इतका फुगत नाही.

"चुकीचं यायचा प्रश्नच नाही मॅडम. मशीन स्वतः नळी उचलतं, स्वतः मोजतं."

"नळी ठेवली आहे?"

आठवडाभर नमुने ठेवायची पद्धत बाईंनीच घालून दिली होती. ती अजून पाळली जात होती, बहुधा कुणी बंद करायला विसरलं म्हणून. शीतपेटीतल्या रॅकमधून ताईची नळी निघाली. तिला हिरवी टोपी होती.

चिमटाबाईंनी ती उजेडात धरली आणि टोपीवरून बोट फिरवलं.

"हिरव्या टोपीच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून औषध लावलेलं असतं," त्या म्हणाल्या. "त्या औषधात काय असतं?"

गृहस्थांचा चेहरा उतरला. "हेपारिन. लिथियमचं हेपारिन."

"लिथियम मोजायचं रक्त लिथियम लावलेल्या नळीत. समुद्रात बादली बुडवायची आणि बादलीत मीठ आहे म्हणून ओरडायचं. रक्त काढणाऱ्या साहेबांनी हाताला लागली ती नळी उचलली आणि तुमच्या मशीनला टोपीचा रंग दिसत नाही. तुम्हाला दिसतो ना?"

गृहस्थ रॅककडे वळले.

ताई दाखल झाली त्या दिवशीची लाल टोपीची नळीही रॅकमध्ये होती, आणि वरून एक नर्स नुकतंच काढलेलं ताजं रक्तही घेऊन आली. दोन्हींत लिथियम मोजलं. रोज गोळी घेणाऱ्या माणसात असावं तेवढंच होतं. ताज्यात थोडं चढं, पाणी न मिळाल्याने असतं तसं. विष नव्हतंच. जादा गोळ्या कुणी घेतल्या नव्हत्या, कुणी दिल्या नव्हत्या.

"आता कॅल्शियम करा," चिमटाबाई म्हणाल्या. "तिन्ही नळ्यांतून."

"ते कुणी मागितलेलं नाही."

"तोच तर गुन्हा आहे. करा."

मशीन गुरगुरलं. आकडा पडद्यावर आला तेव्हा गृहस्थ खुर्चीवरून उठले. असा आकडा त्यांनी फक्त पुस्तकात पाहिला होता. दाखल झाल्याच्या दिवशीही तो वाईट होता. आज त्याहून कितीतरी वाईट.

"एक शेवटचं," चिमटाबाई म्हणाल्या. "लिथियमचा तो खोटा आकडा तुम्ही आधी कुणाला कळवलात?"

"मेडिसिनमधून सांगितलं होतं की समोरच्या डॉक्टरांना फोन करा. मी त्यांनाच केला. तेव्हा ते त्यांच्या वॉर्डात होते. म्हणाले, लगेच निघतो, दुसऱ्या कुणाला सांगू नका."

७

ताईला सलाइन हवं होतं, भरपूर आणि भराभर, आणि लक्ष ठेवायला मेडिसिनचा वॉर्ड. चिमटाबाईंनी तसं सांगितलं. डोक्याच्या लोकांनी आनंदाने तिला स्ट्रेचरवर घातलं आणि वाटेला लावलं. धडाच्या दारात गडगडाटांनी स्ट्रेचर अडवलं.

"आत्महत्येचा पेशंट मी उघड्या वॉर्डात घेणार नाही."

"आणि शरीराने इतका आजारी पेशंट मी ठेवू शकत नाही," मागून आलेले मलम डॉक्टर म्हणाले.

त्या पत्र्याच्या वाटेवर, दोन दारांच्या बरोबर मधे, ताई पडून होती. सलाइनची बाटली भाऊ हात उंच करून धरून उभा होता. अधीक्षक धापा टाकत आले. जाणारे-येणारे थबकले.

"बाई, हे ऑफिसात बसून बोलू," अधीक्षक म्हणाले.

"इथेच. पेशंटला आत घेईपर्यंत मी हलणार नाही, आणि ते ऐकल्याशिवाय घेणार नाहीत." चिमटाबाईंनी स्ट्रेचरच्या कठड्याला हात लावला. "या बाईने एकही जास्तीची गोळी घेतलेली नाही. आकडा नळीचा होता. गडगडाट साहेब, तुमच्या न हलणाऱ्या हाताने हिरवी टोपी उचलली."

गडगडाटांनी तो हात एप्रनच्या खिशात घातला.

"पण स्ट्रिपा?" अधीक्षक म्हणाले.

"ताई बेशुद्ध झाल्यावर अंथरूण बदललं तेव्हा त्या नव्हत्या. सिस्टर सांगतात, आणि शेजारच्या पेशंटने पाहिलंय. सिस्टरनी ठेवल्या म्हणाल, तर त्यांची नोकरी त्यानेच गेली. स्वतःच्या गळ्यात फास कुणी घालत नाही. त्यानंतर आत गेले तिघे. स्ट्रिपा ज्या कपाटातल्या, ते कपाट फक्त समोरच्या इमारतीत आहे. हा भाऊ तिकडच्या कपाटापर्यंत कधी पोचला नाही, याच्या स्ट्रिपा दुकानातल्या आहेत. गडगडाट साहेब तर त्या इमारतीत पाऊलच टाकत नाहीत, आणि त्यांना गरजही नव्हती. काहीही न शोधता हे मनाचं आहे असं त्यांनी आधीच ठरवलं होतं. उरलं कोण?"

सगळ्यांच्या नजरा वळल्या. मलम डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

"लॅबचा फोन आला तेव्हा आकडा फक्त तुम्हाला कळला," चिमटाबाई त्यांना म्हणाल्या. "तुमच्या मनात गोळ्या खाल्ल्याचं आलंच नाही. दुसरंच आलं: आपण या बाईचं रक्त वर्षानुवर्षं तपासलं नाही, नेमाने गोळी लिहून देत राहिलो, आणि ती अंगात साठून हिला विषबाधा झाली. ते उघड झालं असतं तर तुमची धडगत नव्हती. म्हणून येताना कपाटातल्या स्ट्रिपा रिकाम्या करून खिशात घातल्या. ती मेली तरी तिच्या हाताने मेली असं व्हायला हवं होतं."

"मी फक्त..." ते थांबले. मग अगदी लहान आवाजात विचारलं, "म्हणजे माझ्या गोळीमुळे काही झालंच नव्हतं?"

चिमटाबाईंना कित्येक वर्षांत कुणाची इतकी शिसारी आली नव्हती. स्ट्रेचरवर पडलेल्या बाईबद्दल त्याने अजून एक शब्द विचारला नव्हता.

"झालं. पण तुम्ही लपवलंत ते नाही. लिथियम वर्षानुवर्षं घेतलं की काहींच्या मानेतल्या छोट्या ग्रंथी पिसाळतात. हाडांतलं कॅल्शियम रक्तात ओततात. हाडं ठिसूळ, मुतखडा, पोटात कळा, न भागणारी तहान, आणि मन काळवंडतं, शेवटी शुद्ध जाते. वर्षातून एकदा साधी तपासणी केली असतीत तर कळलं असतं." त्या गडगडाटांकडे वळल्या. "आणि तुम्ही दाखल केल्या दिवशी केली असतीत तरी. आजार धडातही होता आणि डोक्यातही. जन्मला होता मधे, मानेत, जिथे तुमच्यापैकी कुणी बघत नाही. तिचं शरीर पाणी मागून जगायचा प्रयत्न करत होतं आणि तुम्ही दोघांनी मिळून तिच्या तहानेला मनाई केलीत."

भावाने बाटली दुसऱ्या हातात घेतली. ती खाली येऊ दिली नाही.

"आता दार उघडा," चिमटाबाई म्हणाल्या.

गडगडाट बाजूला सरले.

८

ताई वाचली. सलाइनच्या बाटल्यांमागून बाटल्या गेल्या, मग ओळख परतली, मग चिडचिड परतली, आणि भाऊ म्हणाला आता काळजी नाही. पुढे सर्जनने मानेतून हरभऱ्याएवढी एक गाठ काढली.

सिस्टर कामावर परत आल्या. त्यांची क्षमा मागायचं कुणाला सुचलं नाही. मलम डॉक्टरांनी प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा दिला आणि पुढचं सगळं वकिलांच्या हाती गेलं. अधीक्षकांनी रिपोर्टातलं एक वाक्य बदलून दुसरं घातलं. गडगडाट मात्र वर चढले. मन आणि शरीर यांना वेगळं पाहू नये, या विषयावर ते आता परिषदांतून बोलतात. पडद्यावर ताईच्या रक्ताचे आकडे दाखवतात आणि निदान "आमच्या टीमने" केलं असं सांगतात. टाळ्या पडतात. चिमटाबाईंना बोलावणं आलं होतं. त्यांनी ते फाडायचेही कष्ट घेतले नाहीत.

त्या गेल्या कारखान्यात. ताई लांब टेबलाशी उभी होती, गळ्यावर बारीक लाल रेघ, हातात खडू. कापडाच्या थप्पीवर ती ओळ ओढत होती आणि शेजारच्या पोरी श्वास रोखून पाहत होत्या.

"बरं वाटतंय?" चिमटाबाईंनी विचारलं.

"पोट बरं आहे. हाडंही." ताईने खडू थांबवला नाही. "इथे सगळ्या येऊन सांगतात, तू वेडी नव्हतीसच गं, तुला तर खरा आजार होता. जणू आधीचा खोटा होता. मला तो आजार आहे, बाई. आता त्याला दुसरी गोळी चालू आहे. तो माझाच आहे, आणि पोट दुखत होतं तेही माझंच. कुणीतरी दोन्ही एकदम ऐकून घेतलं असतं तर..." तिने वाक्य सोडून दिलं.

चिमटाबाई पुढे वाकून ती ओळ पाहू लागल्या.

ताईने मोठी कात्री उचलली, पातं कापडाला टेकवलं आणि मान वर केली.

"जरा सरा तिकडे," ती म्हणाली. "उजेड अडतोय तुमच्यामुळे."

चिमटाबाई सरल्या.